डोणीतला समुद्र

या मित्रांनो, या. असे लांब उभे राहू नका. माझ्या काठावर टेकलात तरी चालेल. काठ झिजलेला आहे, टोचणार नाही. आत नारळाच्या शेंड्या आणि वाळके हार पडलेत, तिकडे बघू नका. पुढे सरका, मागच्यांना जागा करा. समोरच्या महादेवाच्या मंडपात बुवा कीर्तनाला उभे राहिले की पहिल्यांदा हेच म्हणायचे. मग टाळ थांबायचे, मृदंगावर एक थाप पडायची आणि बुवा गोष्टीला हात घालायचे. मलाही तुम्हांला एक गोष्ट सांगायची आहे. गोष्ट समुद्राची आहे आणि ती इथेच, नाशकात घडली. शेवट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते. कीर्तनात बुवा शेवटी देवाला आणून सगळं सावरून घ्यायचे. या गोष्टीत देव आला असेल, तर मला तो दिसला नाही.

मी एक जुनी दगडी डोण आहे. डोण म्हणजे गुराढोरांना पाणी पाजायचं लांबट दगडी भांडं. अख्ख्या काळ्या पाषाणातून मला पाथरवटाने कोरून काढलं. ज्यांनी मला घडवून घेतलं ते मोतीराम माळ्याचे आजोबा, आणि ही गोष्ट त्या मोतीरामचीच. आज इंदिरानगर जिकडे वाढत चाललं आहे, त्या बाजूला त्यांचा फुलांचा मळा होता. झेंडू, शेवंती, निशिगंध, थोडे गुलाब. मळ्यातल्या विहिरीजवळ मला बसवलं. मोटेचं पाणी माझ्यात पडायचं आणि बैल माझ्यात तोंड घालून प्यायचे. त्यांचे गरम श्वास अजून आठवतात. पोळ्याला मला गेरू लावत. महादेवाचं देऊळ हाकेच्या अंतरावर होतं. सप्ताह बसला की मंडळी माझ्या पाण्यानं पाय धुऊन मंडपात जात. कीर्तनाचा नाद मला तेव्हापासूनचा. दगडाला कान नसतात म्हणता? इतकी वर्षं मृदंग ऐकला की फुटतात.

मग विजेची मोटर आली. बैल गेले. तरी मी रिकामी पडले नाही. मोतीरामची बायको गोजराबाई भल्या सकाळी फुलं तोडायची, ओल्या फडक्यात बांधायची आणि फडकं माझ्या पाण्यात बुडवून काढायची. काय हात होता बाईचा! तिनं लावलेली शेवंती शेजारच्या मळ्यातल्या शेवंतीपेक्षा आधी फुलायची. मोतीराम म्हणायचा, "बी माझं, पाणी माझं, अन् झाडं ऐकतात हिचं!"

गळ्यात तुळशीची माळ, ओठांवर नाम आणि हातात खुरपं. गोजराबाई अशी होती.

एकोणीसशे पंचाहत्तरच्या सुमाराला मळा गेला. जमीन सामाईक होती. भाऊबंदांना प्लॉट पाडायचे होते. मोतीराम एकटा नाही म्हणत राहिला, पण एकट्याचं नाही किती दिवस टिकणार? शेवंती ऐन कळीवर असताना सपाटीकरणाचं यंत्र आलं. त्याचा एक धक्का मला बसला आणि माझी एक लांब बाजू पार निखळून पडली. गोजराबाई बांधावर उभी होती. ती रडली नाही, ओरडली नाही. घरी गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

देवळासमोरची दोन खोल्यांची जागा आणि पुढचं अंगण तेवढं त्यांच्याकडे उरलं. मोतीरामने चार माणसं लावून मला अंगणात आणून ठेवलं. फुटकी डोण कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. तो म्हणाला, "असू द्या. आज्यानं घडवून घेतलेली हाय."

गोजराबाई दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायची. घास भरवला तर खायची. अंगणात मात्र यायची नाही, कारण अंगणातून तिचा मळा दिसायचा आणि मळ्यात आता विटांचे ढीग होते. डॉक्टरांनी तपासलं. शरीरात काही बिघाड नाही म्हणाले. मोतीरामला बिघाड ठाऊक होता. तिला बाग हवी होती, आणि जमीन तर संपली होती.

पोटासाठी तो आता दुसऱ्यांची फुलं घेऊन मल्हारीच्या ट्रकमधून दादरच्या बाजाराला जायचा. मल्हारी मोठा बोलका ड्रायव्हर. एकदा फुलं लवकर खपली, म्हणून दोघं समुद्रावर गेले. ओहोटी होती. काळे खडक उघडे पडले होते आणि खडकांच्या खळग्यांत पाणी साचलं होतं. मोतीराम वाकला तो वाकलेलाच राहिला. पाण्यात फुलं होती! शेवंतीसारख्या पाकळ्यांची, तपकिरी, हिरवी, शेंदरी. दगडाला चिकटून मधमाशीच्या पोळ्यासारखा प्रवाळ वाढला होता आणि त्याच्या घराघरातून बारीक बारीक फुलं बाहेर डोकावत होती. त्यानं बोट लावलं तसं एक फूल मिटलं.

"मल्हारी, ही फुलं दगडावर उगवलीत रे. माती नाय, जमीन नाय."

"माळीबुवा, ते जनावर असतंय," मल्हारी म्हणाला.

"असू दे. फुलतंय ना?"

मित्रांनो, त्या दिवशी मोतीराम अंगणात येऊन माझ्यापुढे उकिडवा बसला आणि माझ्या फुटलेल्या बाजूवरून हात फिरवत राहिला. पुढे मल्हारीने भंगारातून जुन्या ट्रकची पुढची सपाट काच आणून दिली. मोतीरामने ती माझ्या फुटक्या बाजूला बसवली आणि सांधे गरम डांबराने भरले. पाठीमागे पाषाण आणि समोर काच, असं माझं रूप झालं. गल्ली हसली. "मोतीराम माळ्यानं जमिनीबरोबर अक्कलबी देऊन टाकली," असं माझ्या काठावर बसूनच लोक बोलत.

पहिल्या खेपेला त्यानं देवळाच्या विहिरीच्या पाण्यात बाजारचं मीठ कालवलं आणि मुंबईहून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलेले खडक त्यात सोडले. खडकांवरची फुलं विरघळून गेली. दुसऱ्या खेपेला त्यानं समुद्राचंच पाणी आणलं. फुलांच्या टोपल्या रिकाम्या होऊन परत यायच्या, त्यांच्यात कॅन ठेवले.

"लोकं मुंबईहून साड्या आणतेत," मल्हारी म्हणायचा, "अन् माझ्या गाडीत खारं पाणी! नाक्यावर पोलीस बोट बुडवून चाखतो, दारू असंल म्हणून. तोंड असं करतो की मला हसू आवरत नाय."

या खेपेची फुलं थोडी जगली. मग पाणी गढूळलं, फुलं मेली आणि असा वास सुटला की देवळातले पुजारी उपरणं नाकाला लावून बाहेर आले. आणि मित्रांनो, तेव्हा आतून आवाज आला. कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता तो आवाज.

"अहो! काय मेलंय अंगणात?"

मोतीराम उठून उभा राहिला. गोजराबाई पदर नाकाला लावून उंबऱ्यात आली होती. भिंतीला धरत धरत ती माझ्याजवळ आली, वाकली आणि काचेतून तिनं बघितलं.

"ही फुलं हायेत?"

"होती," मोतीराम म्हणाला. "तुझ्यासाठी आणली होती. नाय जगली."

"कशी जगतील? साठलेलं पाणी मरतंच. पाणी पडतं राहायला पाहिजे. महादेवाच्या डोक्यावर गळती कशाला टांगतात?"

देवळात पिंडीवर भोकाचं भांडं टांगलेलं असतं आणि त्यातून थेंब थेंब अभिषेक चालू राहतो, तीच गळती. मोतीरामने दुसऱ्याच दिवशी कुंभाराकडून मडकं आणलं, त्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात कापडाची वात बसवली आणि बांबूच्या तीन पायांच्या तिकाटण्यावर ते माझ्या वर टांगलं. माझ्यातलंच पाणी करवंटीने काढून मडक्यात भरायचं आणि ते थेंबाथेंबाने पुन्हा माझ्यात पडायचं. थेंब पडला की बुडबुडे आत जायचे. समुद्राला श्वास मिळाला.

पुढच्या खेपेची फुलं जगली.

मग काय सांगू! मी बैलांची डोण, आणि माझ्या पोटात समुद्र हलायला लागला. पाठीच्या काळ्या दगडावर शेंदरी फुलांचा झुबका बसला, त्याला गोजराबाई झेंडू म्हणायची. तपकिरी होती ती शेवंती. मधला प्रवाळ बोटाबोटाने वाढला. एक शंखातला खेकडा होता. पाठीवर शंख घेऊन नांग्या वाजवत फिरायचा. त्याचं नाव तिनं टाळकरी ठेवलं. बारके शंख काचेवरचा हिरवा थर खात सरकायचे, ते झाडलोट करणारे. कोवळं ऊन त्यांना चालायचं. डोक्यावर ऊन आलं की मोतीराम रोपवाटिकेवर घालतात तसं गोणपाट ताणायचा. त्यानं तिला समुद्र शिकवला नाही, त्याला स्वतःलाच तो कुठे येत होता? दोघांना फुलं वाढवणं येत होतं, तेवढ्यावर चाललं होतं.

उन्हाळ्यात पाणी आटायला लागलं तेव्हा मोतीराम समुद्राचंच पाणी वर ओतत होता. फुलं कोमेजली. गोजराबाईने बोट बुडवून जिभेला लावलं आणि त्याच्याकडे बघितलं.

"अहो, आमटी आटून खारट झाली की वर मीठ घालता की पाणी?"

"पाणी."

"मग हिच्यात मीठ का घालताय?"

तेव्हापासून आटलेलं भरून काढायला विहिरीचं गोडं पाणी पडायला लागलं आणि फुलं पुन्हा उघडली. मोतीराम गल्लीभर सांगत सुटला, "आमच्या गोजरीनं समुद्राची आमटी सुधरवली!"

एक अडचण मात्र मोठी होती. ही फुलं जवळा खायची, म्हणजे बारकी सुकवलेली कोळंबी, भिजवून कुटलेली. आणि गोजराबाई माळकरी! मोतीराम ट्रकवर गेला की फुलं उपाशी राहायची. ती काचेसमोर बसून म्हणायची, "भाजी खा गं बायांनो. मेथी देते." फुलं काही मेथी खाईनात.

त्या वर्षीच्या सप्ताहात कीर्तन संपल्यावर बुवा पाण्यासाठी अंगणात आले, तेव्हा तिनं धीर करून विचारलं. "बुवा, माझ्या ह्या फुलांना जवळा लागतो. मी भरवला तर माळेला दोष लागंल का?"

बुवांनी वाकून काचेतून बघितलं. मग म्हणाले, "माय, ताट आईच्या मनावर ठरत नाही, लेकराच्या पोटावर ठरतं. त्याला जे सोसतं ते त्याला दे. आणि हात धू, बाकी देव बघतो."

तिनं बांबूचा बारीक चिमटा करून घेतला. त्या चिमट्याने एकेका फुलाच्या तोंडी कण ठेवायची. फूल पाकळ्या मिटून घ्यायचं आणि ती नाम घ्यायची. मग हात खसखसून धुवायची. दुसऱ्या दिवशीच्या कीर्तनात बुवांनी भर मंडपात सांगितलं की ज्याची जमीन गेली त्याच्या अंगणात देवाने समुद्र पाठवला. गोजराबाई माझ्या काठाला धरून ऐकत होती. तिचे डोळे माझ्यात गळले. ते पाणीही खारटच होतं.

तिची बसायची जागा ठरलेली होती. रस्त्याकडे पाठ आणि काचेकडे तोंड. पाठीमागे तिच्या मळ्यावर घरं उभी राहत होती, पण तिनं कधी वळून बघितलं नाही. मोतीराम मला म्हणायचा, माझ्याशी एकट्यानं बोलायची त्याला सवय होती, "डोणीबाई, तेवढा समुद्र सांभाळ. हा गेला तर ती पुन्हा भिंतीकडे वळंल. मग मी काय करू?"

मी काय सांभाळणार? मी धरून ठेवणारी आहे. माझ्यात पडेल ते मी धरते.

सिंहस्थाचं वर्ष आलं. नाशिक माणसांनी भरून गेलं. गंगेवर पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. बायका स्नान करून येता येता डोणीतला समुद्र बघायला थांबायच्या, हळदकुंकू वाहायला बघायच्या. गोजराबाई त्यांना आडवी व्हायची. "वरून वाहा, वरून. पाण्यात नको. त्यांच्या डोळ्यात जातं."

समोरच्या गल्लीतली रंगूबाई जिभेची तिखट. ती एकदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगं गोजरे, ह्याला तू देवाचा समुद्र म्हणतेस अन् मडक्यातून अभिषेक करतेस? महादेवाला तांब्याची गळती अन् तुझ्या देवाला खापराची?"

"खापरानंच जगलेत ते, रंगूबाई."

"जगलेत म्हणून काय झालं? लेकरू भाकरीवर जगतं, म्हणून सणालाबी भाकरीच घालशील?"

रंगूबाई हसून निघून गेली. गोजराबाई काचेकडे वळली. मला तिचा चेहरा काचेत दिसत होता. तो शब्द तिला लागला होता.

तिच्याकडे माहेरचा एक तांब्याचा हंडा होता. तिची आई भागुबाई हिने तो लग्नात दिला होता. मोतीराम मल्हारीबरोबर मुंबईला गेलेला असताना तिनं तो हंडा डोक्यावर घेतला आणि चालत तांबट आळी गाठली. हंडा मोडून त्याच तांब्याची गळती घडवून घेतली. घरी आणली तेव्हा सूर्याचा गोळा आणल्यासारखी दिसत होती. गळ्यापाशी नाव घालून घेतलं होतं: "कै. भागुबाई हिच्या स्मरणार्थ गोजराकडून." तिनं खापराचं मडकं उतरवून बाजूला ठेवलं, तांब्याची गळती टांगली, माझ्यातलं खारं पाणी करवंटीने तिच्यात भरलं आणि पहिला थेंब पडताना हात जोडले.

मोतीराम परतला. गळती बघून थबकला.

"हंडा मोडला?"

"मोडला. आईचं होतं, लेकरांना लागलं. कशी दिसते?"

"लय झाक," तो म्हणाला. आणि मित्रांनो, तो खरंच मनापासून म्हणाला. त्याला तरी काय ठाऊक?

मला पहिल्या थेंबांतच चव कळली. माझ्यात इतकी वर्षं विहिरीचं पाणी होतं, बैलांची लाळ होती, पावसाचं पाणी होतं. अशी तुरट, जिभेला ओढणारी चव नव्हती. पण दगडाला कान फुटले तरी तोंड फुटत नाही.

आधी काचेवरचे शंख सुटून खाली पडले. मग टाळकरी आपल्या शंखातून अर्धा बाहेर आला आणि तसाच राहिला. गोजराबाई म्हणाली, "म्हातारा झाला असंल." मग शेवंती मिटली. मग प्रवाळाच्या घराघरांतली फुलं आत गेली, ती बाहेर आलीच नाहीत. गोजराबाई घाबरली. तिला एकच इलाज ठाऊक होता. तिनं गळतीची वात सैल केली. धार वाढवली. दिवसभर माझ्याजवळ उभी राहून करवंटी करवंटीने पाणी भरत राहिली आणि नामाचा घोष करत राहिली. तिला वाटत होतं, अभिषेक वाढवला की लेकरं उठतील. जितकी माया वाढत होती, तितकं विष उतरत होतं. याहून वाईट दृश्य मी पाहिलेलं नाही. मळा उखडताना मी फुटले होते, तेही याहून बरं होतं.

शेंदरी झेंडू सर्वांत शेवटी गेला. दगडावरून सुटून तो चिंधीसारखा पाण्यावर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजराबाई देवळात महादेवाला साकडं घालायला गेली होती. मोतीराम माझ्यापाशी आला. मल्हारी कॅन उतरवत होता. मोतीरामने गळती उचलून बघितली. तिच्या बुडाला, वातीभोवती, निळाहिरवा थर धरला होता. मोतीराम त्या थराकडे बघत राहिला. आयुष्यभर गुलाबांवर, लोकांच्या द्राक्षवेलींवर बुरशी मारायला त्यानं चुना आणि मोरचूद, म्हणजे तांब्यापासूनच होणारं निळं विष, फवारलं होतं. तो रंग त्याच्या नखांत भरलेला असायचा. त्याला पुस्तक उघडायची गरज नव्हती.

"मोरचूद," तो म्हणाला. अगदी हळू. "गोजरे, तू मोरचूद पाजलंस गं त्यांना."

मग तो माझ्या काठावर बसला. देवळाची घंटा वाजली. ती येत होती. त्यानं पावलांची चाहूल ऐकली, घाईघाईनं धोतराच्या सोग्याने तो निळाहिरवा थर पुसला आणि गळती उलटी करून ठेवली.

"काय म्हणत होतात?" गोजराबाईने विचारलं. "कशानं गेली? कळलं का तुम्हांला?"

"कळलं."

"कशानं?"

मोतीरामने खाली बघितलं. "माझ्यामुळं. पाणी वाईट आणलं मी गेल्या खेपेला. घाई होती. नेहमीच्या खडकावर गेलोच नाय. पुलाजवळ, नाल्याच्या तोंडाशी कॅन भरले."

मल्हारीच्या हातातला कॅन तसाच राहिला. "माळीबुवा, काय बोलताय? आपण तर नेहमीच्याच जागी..."

"तू गाडीत झोपला होतास," मोतीराम म्हणाला.

"मी? मी तर तुमच्याबरोबर पाण्यात गुडघ्याएवढा..."

"झोपला होतास, मल्हारी." त्यानं मल्हारीकडे रोखून बघितलं. मल्हारीने कॅन खाली ठेवला, टोपी काढली, पुन्हा घातली आणि गाडीकडे निघून गेला.

गोजराबाई नवऱ्याकडे बघत होती. "नाल्याचं?" ती म्हणाली. "माझ्या लेकरांना नाल्याचं पाणी पाजलंत? दोन पावलं चालायचा कंटाळा आला तुम्हांला?"

"आला."

"मी आईचा हंडा मोडला त्यांच्यासाठी. अन् तुम्हांला दोन पावलं जड झाली?"

"चुकलं माझं, गोजरे."

ती आत गेली. अंथरुणावर पडल्याचा आवाज आला. कुठल्या कुशीवर वळली ते मला दिसलं नाही, पण मोतीरामच्या चेहऱ्यावरून कळलं.

तो हरला नाही लगेच. त्यानं मला राखेने, काथ्याने घासलं, पुन्हा पुन्हा धुतलं, खापराचं मडकं परत टांगलं. मल्हारी नवीन पाणी आणि नवीन खडक घेऊन आला. फुलं माझ्यात आली, एकदाच उघडली आणि मिटली. पुढची खेप आली, तीही मेली. मोतीरामने माझ्या आतल्या दगडावर तळहात ठेवला. त्याला समजलं. माझ्या छिद्राछिद्रांत, तळच्या वाळूत, सांध्यांच्या डांबरात ते मुरलं होतं. मी पाषाण असले तरी पाणी पिते, मित्रांनो. जे पाजलं ते मी पीत गेले होते, आणि आता ते नव्या फुलांना परत देत होते. बैलांना पाणी पाजायला ज्याने मला घडवलं, त्याच्या नातवाला माझ्यातून मरण दिसत होतं.

त्यानं माझं पाणी काढून टाकलं. पुन्हा भरलं नाही.

"नवी डोण घ्या की," मल्हारी एकदा म्हणाला. "निदान सिमेंटचा हौद बांधू."

"कुणासाठी? ती बाहेर येत नाय."

"मग तिला खरं सांगा. राग तरी जाईल तुमच्यावरचा."

"राग जाईल," मोतीराम म्हणाला, "अन् मग ती कुणावर रागावंल? सांग."

मल्हारीने रिकामे कॅन उचलून गाडीत ठेवले. 

तांब्याच्या गळतीला त्यानं चिंच लावून लखलखीत केलं आणि समोरच्या महादेवाला दिली. आत जाऊन तिला सांगितलं, "तुझी गळती पिंडीवर टांगली." ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "तिथं तरी नीट पाणी घाला."

गोजराबाई आणखी काही वर्षं जगली. विचारपूस करायला बायका यायच्या, तेव्हा तिला शब्द फुटायचे ते एवढेच: "ह्यांनी नाल्याचं पाणी घातलं." मोतीराम चहाचे कप घेऊन दारात उभा असायचा आणि म्हणायचा, "हो, चुकलंच माझं." गल्लीत त्याचं तेच नाव पडलं. पोरं सुद्धा म्हणायची, तो बघा, नाल्याचं पाणी. एका चैत्रात ती गेली. शेवटच्या दिवशी तो तिच्याजवळ बसून होता. तेव्हा तरी सांगेल असं मला वाटलं. दार उघडं होतं, मी कान देऊन होते. तो तिला चमच्याने पाणी पाजत होता, बाकी काही बोलला नाही. तीही बोलली नाही. माफ केलं, असंही म्हणाली नाही.

त्यानंतर मोतीराम रोज सकाळी विहिरीवरून घागर आणायचा आणि देवळातली ती तांब्याची गळती भरायचा. जिने त्याचा समुद्र मारला तीच गळती. भरताना तिच्या गळ्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवायचा. मग परत येऊन माझ्या कोरड्या काठावर बसायचा. पूर्वी माझ्याशी बोलायचा, आता बोलत नव्हता. एका सकाळी घागर आली नाही. दुपारपर्यंत गळती कोरडी झाली. मग मल्हारी आला, आणि मग चार माणसं आली.

पुढे ते घर पाडलं. कुणी मला रस्त्याच्या कडेला ओढलं, माझ्यात सिमेंट कालवलं. काच फुटली. आता देवळाचं निर्माल्य माझ्यात टाकतात. माझ्यात काही उगवत नाही. तळाशी थोडं पावसाचं पाणी साचलं तरी त्यात शेवाळसुद्धा धरत नाही.

मित्रांनो, माझी एक विनवणी आहे. तुम्ही कुणाला जपाल, मासा असो, झाड असो, माणूस असो, तेव्हा आपल्याकडचं सगळ्यांत मौल्यवान त्याला देण्याआधी त्याला काय सोसतं ते बघा. बुवांनी गोजराबाईला हेच सांगितलं होतं, आणि तिनं जवळ्यापुरतं ते ऐकलं होतं. तिला दोष देऊ नका. इतकी माया मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

आणि आता उठाल, देवळात जाल. पिंडीवरची तांब्याची गळती अजून तिथेच आहे, थेंब अजून पडतो. हात जोडताना वर बघा. भागुबाईचं नाव दिसेल, गोजराचं दिसेल. जे नाव तिथे कुणी कोरलेलं नाही, तेही एकदा मनातल्या मनात घ्या. मोतीराम माळी. त्यानं नाल्याचं पाणी कधीच आणलं नव्हतं.